सापसुरळी ओळखताना: आधी प्रजाती, मग जाती, रंग सगळ्यात शेवटी

सापसुरळीचा फोटो पुढे आला की नाव लगेच ठरून जाते. अंग मोठे, तपकिरी आणि बाजूला फिकट पट्टा असला की युट्रोपिस कॅरिनाटा. लहान असली की मॅक्युलारिया. गळ्याशी लाली दिसली की "ही काहीतरी दुर्मीळ जात दिसते". अशी कितीतरी नावे नंतर खोडावी लागतात. चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी झालेली असते, ती म्हणजे ओळखण्याची सुरुवातच रंगापासून केलेली असते.

युट्रोपिस ही दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या सापसुरळ्यांची प्रजाती आहे. पाकिस्तानापासून फिलिपिन्सपर्यंत पसरलेल्या या प्रजातीत ४० हून अधिक जाती मोडतात. (या लेखात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज.) महाराष्ट्रात अंगणात, बांधावर, पालापाचोळ्यात सर्रास दिसणाऱ्या सापसुरळ्या याच प्रजातीतल्या. म्हणूनच चुकाही इथेच सगळ्यात जास्त होतात. खालचा क्रम मोडू नका. एखाद्या टप्प्यावर पुरावा मिळाला नाही तर तिथेच थांबा आणि तिथवरचे नाव लिहा.

## टप्पा १: बाहेर पडण्याआधीची तयारी

फोन चालेल, पण जवळून फोटो घेणारी लेन्स किंवा मॅक्रो सोय असली तर काम फारच सोपे होते. सोबत एक छोटी विजेरी, वही आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी ठेवा. प्राणी बसला होता ती जागा तो गेल्यावर मोजता येते. तो कोणत्या दगडापासून कोणत्या काडीपर्यंत होता हे पट्टी ठेवून पुन्हा फोटोत घ्या, म्हणजे लांबीचा बऱ्यापैकी अंदाज मिळतो.

वेळ सकाळची निवडा. ऊन खायला आलेली सापसुरळी बराच वेळ एका जागी बसते. दुपारी तिचे अंग तापलेले असते, तेव्हा ती क्षणात पाचोळ्याखाली जाते.

सावधान: सापसुरळीला विष नसते, त्यामुळे भीतीचे कारण नाही. पण पकडण्याचा मोह टाळा. शेपटीला हात लागला की ती तोडून पळते, आणि त्या शेपटीत साठवलेली चरबीही तिच्या हातची जाते. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात प्राणी हाताळायला वनखात्याची परवानगी लागते. पकडून खवले मोजणे हे परवानगी असलेल्या अभ्यासकांचे काम आहे. आपले काम फोटोवर भागवायचे.

## टप्पा २: कोणते फोटो हवेत

एकच सुंदर फोटो ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. पुढचे फोटो याच क्रमाने घ्या, कारण प्राणी कधीही पळेल.

१. लांबून संपूर्ण प्राणी, बाजूने. पाय आणि धड दोन्ही दिसले पाहिजेत.

२. डोके वरून. नाकाच्या टोकापासून मानेपर्यंतचे सगळे मोठे खवले स्पष्ट हवेत.

३. डोके बाजूने, डोळा मध्यभागी ठेवून. हा एक फोटो न घेता सलग दहा-बारा घ्या. त्यातल्या एखाद्यात पापणी मिटलेली मिळते.

४. पाठीचा मधला भाग, जमेल तितक्या जवळून.

५. बाजूचा भाग, पुढच्या पायाच्या काखेपासून मागच्या पायाच्या जांघेपर्यंत.

पाठीच्या फोटोला समोरून फ्लॅश मारू नका. सापसुरळीचे खवले तकाकणारे असतात. समोरचा उजेड परतून येतो आणि खवल्यांवरचे कंगोरे (लांबीच्या दिशेने असलेल्या उंचवट्याच्या बारीक रेघा) पार पुसले जातात. विजेरी बाजूने, जवळजवळ जमिनीलगत धरली की प्रत्येक कंगोऱ्याची बारीक सावली पडते आणि ते मोजता येतात. सकाळचे तिरपे ऊनही हेच काम करते.

तपासा: फोटो मोठा करून पाठीवरचा एक खवला वेगळा दिसतो का? दिसत नसेल तर पुढच्या टप्प्यांत जातीपर्यंत पोहोचण्याची आशा फार ठेवू नका.

## टप्पा ३: ही सापसुरळीच आहे ना?

पाल आणि सापसुरळी यांत सहसा गोंधळ होत नाही. घरातल्या पालीला मिटणाऱ्या पापण्या नसतात, बोटांना रुंद गाद्या असतात. सरड्याचे अंग खरखरीत असते आणि डोक्यावर मोठे, सारख्या जोड्यांचे खवले नसतात. खरा गोंधळ होतो तो ऑफिसॉप्स या प्रजातीशी. हा छोटा, पट्टेरी प्राणी माळरानावर आणि खडकाळ गवतात दिसतो, पळतो सापसुरळीसारखाच, आणि त्याच्याही पाठीवर कंगोरे असतात.

तो वेगळा काढायला दोन खुणा पुरेत. ऑफिसॉप्सच्या पापण्या एकमेकींना जुळलेल्या असल्याने सापाप्रमाणेच त्यालाही डोळा मिटता येत नाही, आणि त्याच्या मांडीच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रांची ओळ असते. सापसुरळी डोळा मिटते, तिच्या मांडीवर अशी छिद्रे नसतात आणि तिच्या पोटावरचे खवले पाठीवरच्यांसारखेच गोल कडेचे, एकावर एक चढलेले असतात.

## टप्पा ४: प्रजाती ठरवा

इथे घाई झाली की पुढचे सगळे वाया जाते. सगळ्यात आधी धड आणि पाय पाहा. युट्रोपिसचे पाय चांगले मजबूत असतात आणि प्रत्येकाला पाच बोटे असतात. पुढचा पाय मागे आणि मागचा पाय पुढे अंगालगत ताणला आहे अशी कल्पना करा. युट्रोपिसमध्ये दोन्ही एकमेकांना भिडतात किंवा ओलांडतात. मध्ये मोठी मोकळी जागा उरत असेल, धड लांबुळके, पाय तोकडे आणि अंग तेल लावल्यासारखे गुळगुळीत असेल तर ती बहुधा रायोपा या सापसुरळ्यांच्याच दुसऱ्या प्रजातीतली आहे. जुन्या पुस्तकांत हीच लायगोसोमा नावाने सापडेल.

रायोपाच्या पिलांची शेपटी पुष्कळदा लालभडक असते. रायोपा पंक्टाटाचे पिलू हे त्याचे नेहमीचे उदाहरण. लाल शेपटीचे असे पिलू "युट्रोपिसची नवीन जात" म्हणून नोंदवले जाते. पाय पाहिले असते तर तो प्रश्नच उरला नसता.

मग डोके वरून पाहा. नाकाच्या टोकावरच्या खवल्याला रॉस्ट्रल म्हणतात. त्याच्या मागे, नाकपुड्यांच्या वर, दोन अरुंद तिरपे खवले असतात, ते सुप्रानेझल. त्यांच्या मागे मधला एक फ्रंटोनेझल, मग दोन प्रीफ्रंटल, मग लांबट फ्रंटल, त्यामागे दोन फ्रंटोपरायटल, मध्ये इंटरपरायटल आणि दोन बाजूंना परायटल. हा क्रम एकदा कागदावर काढा आणि आपल्या फोटोवर बोट ठेवून प्रत्येक नाव म्हणा. सुरुवातीला हे किचकट वाटते. थोड्या सरावाने सापसुरळीचे डोके नकाशासारखे वाचता येऊ लागते.

युट्रोपिसमध्ये सुप्रानेझल असतात. स्फेनोमॉर्फस आणि दक्षिण सह्याद्रीतली केस्टलिया या सापसुरळ्यांच्या दुसऱ्या प्रजातींत ते नसतात. रायोपामध्येही ते सापडतात, म्हणून एकट्या सुप्रानेझलवर निकाल देऊ नका. पाय, कंगोरे आणि सुप्रानेझल हे तिन्ही मिळून प्रजाती ठरते.

सावधान: आफ्रिकेतली ट्रॅकीलेपिस आणि आशियातली युट्रोपिस यांना नुसत्या बाहेरच्या रूपावरून खात्रीने वेगळे करता येत नाही. आधी या दोन्ही माबुया या एकाच प्रजातीत मोडत, आणि २००२ साली तिची विभागणी झाली ती डीएनएच्या आधारावर. त्यामुळे प्रजातीच्या पातळीवर, आणि फक्त याच पातळीवर, प्राणी कुठे सापडला हा पुरावा धरावाच लागतो.

तपासा: पाच बोटांचे मजबूत पाय, पाठीवर कंगोरे, सुप्रानेझल. तीनपैकी एक जरी दिसले नसेल तर नोंदीत "सापसुरळी, प्रजाती अनिश्चित" असे लिहा.

## टप्पा ५: खालची पापणी

या टप्प्याची कुणी फारशी दखल घेत नाही. माझ्या मते युट्रोपिसची विभागणी करायला याच्याइतकी सोयीची खूण दुसरी नाही.

सापसुरळी डोळा मिटते तेव्हा खालची पापणी वर सरकते. काही जातींत ही पापणी पूर्णपणे छोट्या खवल्यांनी झाकलेली असते. मिटलेला डोळा तेव्हा आजूबाजूच्या कातडीसारखाच अपारदर्शक दिसतो. दुसऱ्या काही जातींत पापणीच्या मध्यभागी काचेसारखी पारदर्शक चकती असते. डोळा मिटला तरी तिच्यातून बुबुळाचा काळा भाग दिसत राहतो, आणि प्राणी मिटल्या डोळ्यांनीही उजेड-सावलीचा वेध घेऊ शकतो. डोळा उघडा असताना हीच चकती बुबुळाच्या खाली, दुमडलेल्या पापणीवर एका चकचकीत ठिपक्यासारखी दिसते.

कॅरिनाटा, मॅक्युलारिया, बेडोमी, ट्रायव्हिटाटा आणि मल्टिफॅसिएटा या जातींत पापणी खवल्यांची असते. बिब्रोनी, डिसिमिलिस आणि इनोटाटा यांच्यात चकती असते. म्हणजे एका फोटोत यादी दोन भागांत फुटली.

सावधान: पापणीची चकती रायोपामध्येही असते. टप्पा ४ गाळून थेट पापणीवर उडी मारली तर रायोपा पंक्टाटाची बिब्रोनी होऊन बसते.

## टप्पा ६: पाठीवरचे कंगोरे मोजा

प्रत्येक खवल्यावर लांबीच्या दिशेने उंचवट्याच्या बारीक रेघा असतात, त्या मोजायच्या. मोजायचे पाठीच्या मध्यावरच्या खवल्यांवर. मानेवर, बाजूंना आणि शेपटीवर संख्या बदलते.

किमान दहा खवले मोजा आणि सरासरी न काढता कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पट्टा लिहा. कॅरिनाटामध्ये बहुधा ३ ते ५, क्वचित ७ कंगोरे असतात. मॅक्युलारियामध्ये ५ ते ९. मल्टिफॅसिएटामध्ये नेहमीचा आकडा ३.

दहाही खवल्यांवर ३ आले तर मॅक्युलारिया बाद. काहींवर ७ आणि काहींवर ९ आले तर कॅरिनाटा बाद. सगळीकडे ५ आले तर मात्र हा टप्पा निकाल देत नाही, आणि तो देत नाही हे वहीत लिहिलेच पाहिजे. कात टाकायच्या आधी अंग मळकट होते आणि कंगोरे बुजल्यासारखे दिसतात. अशा वेळी कमी आकडा मोजला जातो.

## टप्पा ७: धडाभोवतीच्या ओळी

काख आणि जांघ यांच्या बरोबर मध्यावर, धडाभोवती एक फेरा पूर्ण होईपर्यंत किती खवले येतात ही संख्या जवळपास प्रत्येक शास्त्रीय वर्णनात असते. कॅरिनाटामध्ये ती ३० ते ३४. मल्टिफॅसिएटामध्येही ३० ते ३४. मॅक्युलारियामध्ये २८ पासून ३४ पर्यंत, बहुधा २८ ते ३०. डिसिमिलिसमध्ये ती याहून जास्त असते.

आकडे किती एकमेकांवर चढतात ते पाहा. ३० आले की यातली तीन नावे खुली राहतात. या संख्येचा उपयोग एखादे नाव नाकारायला होतो, ठरवायला क्वचितच.

जिवंत प्राण्याच्या फोटोवरून पूर्ण फेरा मोजता येत नाही. बाजूच्या फोटोत दिसलेल्या ओळी मोजून दुप्पट करणारे आहेत. त्यात पाठीची मधली आणि पोटाची मधली ओळ एकतर सुटते किंवा दोनदा धरली जाते. तसे करू नका. "एका बाजूने दिसणाऱ्या ओळी" म्हणून वेगळा आकडा लिहा. रस्त्यावर चिरडलेली सापसुरळी मिळाली तर, रहदारी पाहून, जागच्या जागी वरून, बाजूने आणि खालून फोटो घ्या. पोटाचा फोटो मिळाला तर पूर्ण संख्या जुळवता येते.

मोजणी दोनदा करा, दुसऱ्यांदा उलट दिशेने. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजा. मधला आकडा निवडून मोकळे होऊ नका.

## टप्पा ८: आता रंग आणि आकार

इतके झाल्यावरच रंगाकडे वळा. कॅरिनाटा मोठी असते. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी १० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि डोळ्याच्या वरून निघणारा फिकट पट्टा धडाच्या दोन्ही बाजूंनी मागे जातो. मॅक्युलारिया पुष्कळ लहान, आणि तिच्या बाजूंवर अनेकदा पांढरट ठिपके असतात. ट्रायव्हिटाटाच्या पाठीवर तीन फिकट पट्टे, तर बेडोमीच्या अंगावर गडद-फिकट रेघा ठळक असतात.

रंगाने फसण्याची तीन कारणे आहेत. विणीच्या हंगामात कॅरिनाटाच्या नराच्या बाजू शेंदरी होतात आणि मॅक्युलारियाच्या नराचा गळा व बाजू लालसर होतात. ही वेगळी जात नव्हे. दुसरे, कॅरिनाटाचे पिलू आकाराने मॅक्युलारियाएवढेच असते. पिलाचे डोके धडाच्या मानाने मोठे दिसते, पण निकाल कंगोऱ्यांवरच द्यावा. तिसरे, शेपटी. तुटून पुन्हा आलेल्या शेपटीचा रंग वेगळा, खवले वेगळे, लांबी कमी. म्हणून शेपटीसकट एकूण लांबी कधीच वापरू नका.

## टप्पा ९: ठिकाण ताडून पाहा

मनात आलेले नाव त्या भागात बसते का हे आता पाहा. मल्टिफॅसिएटा ईशान्य भारत, निकोबार आणि आग्नेय आशियातली. ती पिले देते, कॅरिनाटा अंडी घालते. सातारा किंवा चंद्रपूरच्या नोंदीत मल्टिफॅसिएटा आली तर मोजणी पुन्हा करा. बिब्रोनी पूर्व किनाऱ्याच्या वाळूतली, डिसिमिलिस उत्तरेच्या मैदानातली.

जाती ठरवताना हा टप्पा आधी घेतला तर पुढचे सगळे निष्कर्ष त्याच्या ओढीने वाकतात. "आमच्याकडे दोनच जाती आहेत" असे गृहीत धरले की तिसरी समोर असूनही दिसत नाही. युट्रोपिस अल्लापल्लेन्सिसचे १९२६ सालचे वर्णन गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलावरून झालेले आहे, आणि नुसत्या फोटोवर ती मॅक्युलारियापासून वेगळी करणे अवघड जाते. विदर्भातल्या लहान सापसुरळीला सवयीने मॅक्युलारिया म्हणण्याआधी हे लक्षात ठेवा. शिवाय मॅक्युलारिया हे नावच सध्या एका मोठ्या गटावर पांघरलेले आहे. डीएनए अभ्यासांत तिच्यात एकाहून जास्त वंश दिसतात, त्यामुळे पुढे तिची आणखी विभागणी होऊ शकते.

## टप्पा १०: नाव बरोबर लिहा

जुन्या पुस्तकात "माबुया" दिसले की सरसकट "युट्रोपिस" लिहिणे ही वर्गीकरणातली सगळ्यात पसरलेली चूक आहे. भारतातल्या बहुतेक जातींना ते लागू पडते. पण आफ्रिकेतल्या जाती ट्रॅकीलेपिसमध्ये गेल्या, केप व्हर्दे बेटांवरच्या किओनिनियामध्ये, पश्चिम आशियातल्या काही हेरेमायटीसमध्ये, आणि म्यानमारची नोव्हेमकॅरिनाटा टोएनायारमध्ये. माबुया हे नाव अमेरिका खंडातल्या जातींपुरते उरले. जुने साहित्य शोधताना "माबुइया" असेही स्पेलिंग भेटते, सरीसृपतज्ज्ञ बुलेंजरने १८८७ मध्ये तेच वापरले आहे.

शास्त्रीय नावापुढे कर्त्याचे, म्हणजे ते नाव पहिल्यांदा देणाऱ्याचे, नाव लिहितात. त्याभोवतीचा कंस शोभेचा नाही. श्नायडरने १८०१ मध्ये या जातीला सिंकस कॅरिनाटस असे नाव दिले. पुढे प्रजाती बदलली, म्हणून आता युट्रोपिस कॅरिनाटा (श्नायडर, १८०१) असे कंसात लिहितात, आणि प्रजातीचे नाव स्त्रीलिंगी असल्याने शेवट "टा" झाला. बिब्रोनीसारख्या व्यक्तीच्या नावावरून पडलेल्या नावाचा शेवट लिंगाप्रमाणे बदलत नाही. प्रजातीचे नाव मात्र कंसाविना: युट्रोपिस फिट्झिंगर, १८४३.

## टप्पा ११: नोंद

नोंदीत निष्कर्षासोबत त्याची कारणेही असावीत. भरलेली नोंद अशी दिसते:

"युट्रोपिस, बहुधा मॅक्युलारिया. पाय भिडतात, सुप्रानेझल आहेत (फोटो १, २). खालची पापणी खवल्यांची (फोटो ३). पाठीच्या मध्यावर ५ ते ७ कंगोरे, दहा खवले मोजले (फोटो ४). धडाभोवतीच्या ओळी मोजता आल्या नाहीत. बाजूंवर पांढरे ठिपके. शेपटी पुन्हा आलेली. पानगळीचे जंगल, पाचोळा, सकाळ."

"बहुधा" हा शब्द इथे काढू नका. कंगोऱ्यांचा पट्टा कॅरिनाटाशीही जुळतो आणि ओळी मोजलेल्या नाहीत, तेव्हा तो योग्यच आहे. नुसते "युट्रोपिस, जाती अनिश्चित" हेही पूर्ण आणि उपयोगी उत्तर आहे. चुकीच्या जातीचे नाव यादीत गेले की ते पुढच्या यादीत उतरते आणि काढायला वर्षे लागतात.

मूळ फोटो दाबून लहान केलेले ठेवू नका, मूळ आकारातच जपा. ओळख कोणत्या तारखेला आणि कोणते वर्णन वापरून केली तेही लिहा. वर्गीकरण बदलले की जुने नाव खोडायचे नाही, त्याखाली नवे नाव आणि तारीख घालायची. मॅक्युलारियाची विभागणी झाली तर हेच फोटो उघडून कंगोरे आणि पापणी पुन्हा तपासता येतील.